लकव्यानंतर वाचा गेलेल्या माणसाला गाण्याच्या आधाराने बोलण्याकडे कसे न्यावे

लकवा होऊन वाचा गेलेले आबा संध्याकाळी शेजारच्यांबरोबर भजनाची ओळ शब्दासकट पूर्ण म्हणतात आणि तहान लागली की नुसता तांब्याकडे हात करतात, हे दृश्य मराठवाड्यातल्या अनेक घरांना परिचयाचे आहे. त्याचा अर्थ मात्र बहुतेक वेळा चुकीचा लावला जातो. काहींना वाटते की गाता येते त्या अर्थी बोलताही येत असणार, आबा हट्टाने बोलत नाहीत. काही जण त्याच्या उलट टोकाला जाऊन रोज तासभर भजने म्हणवून घेतात आणि बोलणे आपोआप सुटेल म्हणून वाट पाहत बसतात. पाठ असलेले गाणे, आरती किंवा पाढे हे एकाला एक बांधलेले शब्द असतात. पहिला निघाला की पुढचे ओढले जातात, आणि त्यातला एकच शब्द वेगळा काढून गरजेला वापरणे त्या माणसाला जमत नाही. गाणे येते ही चांगली खूण आहे, पण काम तिथून सुरू होते आणि बहुतेक ठिकाणी ते तिथेच थांबते.

संगीतोपचारक यासाठी जी पद्धत वापरतात, ती १९७३ मध्ये बोस्टनमधील तज्ज्ञांनी मांडली. तिच्यात पाठ गाण्याऐवजी रोजच्या गरजेचे छोटे वाक्य दोनच सुरांत, संथ लयीत आणि डाव्या हाताच्या थापेबरोबर म्हणवून घेतात. मग सूर आणि साथ पायरीपायरीने काढून घेत साध्या बोलण्यापर्यंत आणतात. ही पद्धत वरून सोपी दिसते आणि म्हणूनच तिच्यातल्या पायऱ्या गाळल्या जातात. संगीतोपचार शिकणाऱ्यांसाठी, गावातल्या हार्मोनियम शिकवणाऱ्या ज्या मंडळींना अशा रुग्णांसाठी बोलावले जाते त्यांच्यासाठी, आणि रोजचा सराव ज्यांच्या अंगावर पडतो त्या घरच्यांसाठी ही पद्धत इथे क्रमाने दिली आहे.

## आधी ठरवा: हा माणूस या पद्धतीसाठी योग्य आहे का?

वाचा जाण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि सगळ्यांना 'बोलता येत नाही' या एकाच नावाने ओळखले जाते. ही पद्धत प्रामुख्याने अशा माणसासाठी आहे ज्याच्या मेंदूच्या डाव्या भागाच्या पुढच्या बाजूस इजा झाली आहे, ज्याला समोरच्याचे बोलणे बऱ्यापैकी समजते, पण तोंडातून मोजके, तुटक शब्द कष्टाने निघतात. अशा माणसाचा बहुधा उजवा हात किंवा उजवा पाय दुबळा झालेला असतो.

घरी करून पाहण्याजोग्या चार गोष्टी आहेत. हाताने कोणतीही खूण न करता 'डोळे मिटा', 'खिडकी दाखवा' असे सांगावे आणि ते समजते का ते पाहावे. 'बस', 'माय' असा एखादा सोपा शब्द आपल्यामागून म्हणायला सांगावा आणि तो म्हणताना अडखळणे होते का हे पाहावे. लहानपणापासून पाठ असलेले एखादे गाणे आपण सुरू करून मध्येच थांबावे आणि पुढचे शब्द त्यांच्या तोंडून येतात का ते ऐकावे. शेवटी, चुकले की त्यांना स्वतःला ते कळते का, याकडे लक्ष द्यावे. समजते, अडखळते, गाण्यात शब्द येतात आणि चुकीची जाणीव होते, असे चित्र असेल तर या पद्धतीचा उपयोग होण्याची शक्यता चांगली असते.

जो माणूस घडाघडा बोलतो पण त्या बोलण्याला अर्थ लागत नाही आणि आपले सांगणेही त्याला उमगत नाही, त्याला ही पद्धत लागू पडत नाही. ज्याची वाक्ये बरोबर असतात पण जीभ जड पडून उच्चार बोबडे येतात, त्याच्या अडचणीचे मूळ स्नायूंत असते. त्याला श्वासाचे, ओठांचे आणि आवाजाचे वेगळे व्यायाम लागतात, त्यातही गाण्याचा उपयोग होतो, पण क्रम निराळा असतो.

इशारा. घरची पाहणी ही तपासणीची जागा घेत नाही. स्पीच थेरपिस्टकडून एकदा तरी तपासणी करून घ्यावीच. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आणि नांदेड, लातूर, अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये यांपैकी जे जवळ पडेल तिथे कान-नाक-घसा विभागात याची चौकशी करावी. भेटायला येणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

## टप्पा १ : तयारी

निम्म्याहून अधिक बिघाड पहिल्या वाक्याच्या आधीच झालेला असतो, म्हणून या टप्प्यावर जास्त वेळ दिलेला परवडतो.

वेळ आणि जागा. सकाळी चहा-नाश्ता होऊन थोडा वेळ गेल्यावर बसावे. फिजिओथेरपी झाल्याबरोबर बसू नये, कारण थकलेल्या माणसाची जीभ आधी थकते. एप्रिल-मेमध्ये दहाच्या आत काम उरकावे. दुपारच्या उकाड्यात कूलर लावावाच लागतो आणि कूलरच्या घरघरीत शब्दाची सुरुवात ऐकू येत नाही. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि कौतुकाने गोळा होणारी मंडळी अंगणात. बैठक पंधरा ते वीस मिनिटांची असावी आणि शक्य असल्यास दिवसातून दोनदा व्हावी. आठवड्यातून एकदा तासभर बसण्याने काहीही साधत नाही.

माणूस. चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र जागेवर आहे ना, हे पाहावे. ही बाब क्षुल्लक वाटते, पण कवळी डबीत ठेवून 'उच्चार सुधारत नाहीत' अशी तक्रार करणारी घरे पुष्कळ असतात. पाठीला आधार देऊन सरळ बसवावे, पलंगावर आडवे ठेवून म्हणवून घेऊ नये. गिळताना ठसका लागत असेल तर खाणेपिणे आणि गाणे यांत अंतर ठेवावे, आणि तोंडात सुपारी, तंबाखू किंवा गोळी नाही याची खात्री करावी.

आपली बसण्याची जागा. समोर, पण किंचित त्यांच्या डाव्या हाताला बसावे. मेंदूच्या डाव्या बाजूस इजा झालेल्या काही जणांना उजवीकडचे नीट दिसत नाही, आणि आपले ओठ दिसणे या कामात फार महत्त्वाचे असते. त्यांचा डावा हात आपल्या हातात सहज येईल इतके जवळ बसावे आणि उजेड आपल्या तोंडावर पडेल असे पाहावे.

घरच्यांना विचारायचे प्रश्न. कोणते गाणे आवडते एवढेच विचारून भागत नाही. कोणते गाणे लावायचे नाही, हेही विचारावे लागते. वारलेल्या लेकीच्या लग्नातले गाणे किंवा सोबत भजनाला जाणाऱ्या भावाचा आवडता अभंग अचानक पुढे आला तर माणूस कोसळतो. लकव्यानंतर काही जणांना किरकोळ कारणाने रडू किंवा हसू येते आणि ते आवरत नाही, हे आजाराचेच लक्षण असते. तेव्हा थांबावे, पाणी द्यावे, आणि 'रडू नका' असे न म्हणता थोडा वेळ शांत बसावे. ज्या घरात हरिपाठ होतो तिथे हरिपाठ, जिथे भीमगीते होतात तिथे भीमगीत, जिथे कव्वाली ऐकली जाते तिथे कव्वाली, आणि दळणाच्या ओव्या म्हणत वाढलेल्या आजीसाठी ओवी. ही निवड घराने करायची असते, उपचारकाने आपल्या आवडीची गाणी तिथे नेऊ नयेत.

संमती. काय करणार आहोत आणि कशासाठी, हे स्वतः रुग्णाला सांगावे. त्यांना समजते, एवढे पाहिल्यावर त्यांच्या डोक्यावरून सुनेशी बोलणे अशोभनीय आहे. रेकॉर्डिंग करायचे असेल तर त्यांची मान हलल्यावरच करावे, आणि ते भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाऊ देऊ नये.

## टप्पा २ : वाक्यांची निवड

या पद्धतीवर झालेल्या अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार दिसली आहे: ज्या वाक्यांचा सराव केला ती सुधारतात, न केलेल्या वाक्यांना त्याचा लाभ तुलनेने कमी होतो. म्हणून वाक्ये निवडताना जितका विचार करावा तितका थोडा. सुरुवातीला आठ-दहा पुरेत, आणि ती त्या माणसाच्या दिवसातून उचललेली असावीत. 'नमस्कार, मी बरा आहे' हे वाक्य पाहुण्यांना ऐकवायला छान आहे, पण रात्री दोन वाजता कामी येते ते 'लघवीला'.

वाक्य त्यांच्या घरच्या बोलीत घ्यावे. शुद्धलेखनाच्या आग्रहापायी 'माझे डोके दुखत आहे' असे शिकवले जाते. जो माणूस सत्तर वर्षे 'डोकं दुखायलंय' म्हणत आला, त्याला ती नवी भाषा शिकण्यासारखीच ठरते. चहाला घरात 'च्या' म्हणत असतील तर 'च्या दे' हेच वाक्य. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, उदगीर-उमरग्याकडे कन्नड, तांड्यावर गोरमाटी, आणि अनेक गावांत दखनी बोलली जाते; बालपणापासून जी भाषा तोंडात आहे, तीच आधी घ्यावी. उपचारकाला ती येत नसेल तर घरातल्या माणसाला पुढे बसवून आपण बाजूला बसावे.

पहिली वाक्ये एक ते तीन तुकड्यांची असावीत आणि शक्य तेवढी ओठांवर दिसणाऱ्या आवाजांनी सुरू व्हावीत: प, ब, म. 'बस', 'पाणी दे', 'माय, ये'. जोडाक्षरे पुढे ढकलावीत. 'औषध' जड जाते, 'गोळी' सोपी जाते. नातवंडाचे नाव यादीत हवेच, कारण त्या एका शब्दासाठी माणूस जेवढी धडपड करतो तेवढी दुसऱ्या कशासाठीही करत नाही.

आता तुकडे पाडण्याविषयी. इथे लिहिता-वाचता येणारी माणसे हमखास चुकतात. थाप कागदावरच्या अक्षराला द्यायची नसते, कानाला ऐकू येणाऱ्या तुकड्याला द्यायची असते. 'बस' लिहिताना दोन अक्षरे आहेत, पण बोलताना तो एकच तुकडा आहे, म्हणून एकच थाप. 'घरी चल' यात तीन: घ, री, चल. 'दुखायलंय' यात तीन: दु, खाय, लंय. दोन थापांत 'ब-स' असे तोडून शिकवले की शब्द मोडतो आणि माणूस पुढे कित्येक दिवस तो तसाच तुटका म्हणत राहतो.

तपासा. यादी घरातल्या दोन माणसांना दाखवा आणि विचारा, 'आजारी पडायच्या आधी हे असंच म्हणायचे का?' ज्या वाक्यावर ते थबकतील ते बदला.

## टप्पा ३ : सूर ठरवणे

दोनच सूर लागतात. खालचा सा आणि वरचा कोमल गंधार, यापलीकडे जाऊ नये. हार्मोनियमवर सा काळी एकला धरला तर वरचा सूर पांढरी तीनवर येतो.

पट्टी मात्र आपल्या सोयीची नको. भजनी माणूस उभ्या आयुष्यात ज्या चढ्या पट्टीत गात आला, ती इथे उपयोगाची नाही. आपल्याला त्याच्या बोलण्याच्या पट्टीजवळ राहायचे आहे. त्यांना ओठ मिटून सहज 'हं' म्हणायला सांगावे आणि तो सूर हार्मोनियमवर शोधावा. वयस्क पुरुषाचा तो बहुधा मंद्रातच, म्हणजे खालच्या सप्तकात सापडतो. तोच सा. गळ्याच्या शिरा ताणल्या जात असतील, मान वर उचलली जात असेल किंवा चेहरा लाल होत असेल तर पट्टी उंच झाली आहे. रक्तदाबाच्या रुग्णाला श्वास कोंडून लांब सूर धरायला लावू नये.

वाक्यातला कोणता तुकडा वरच्या सुरावर न्यायचा, हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग असा: घरातल्या एकाला ते वाक्य नेहमीच्या सहजपणे बोलायला सांगावे, मोबाइलवर टिपावे आणि आवाज कुठे उचलला जातो ते ऐकावे. 'पाणी दे' मध्ये बहुतेकांचा आवाज 'पा'वर चढतो आणि पुढे उतरतो. तर 'पा' कोमल गंधारावर, 'णी' आणि 'दे' सा वर. बोलण्याच्या स्वाभाविक चढउताराला थोडे ठळक केले, एवढेच इथले संगीत.

संगीत जाणणाऱ्यांना हे फार रुक्ष वाटते आणि मग ते त्यात मींड घालतात, मुरकी घेतात, किंवा वाक्याला एखाद्या ओळखीच्या भजनाची चाल लावतात. चाल ओळखीची असेल तर तिचे मूळ शब्द आधी धावून येतात: 'पाणी' म्हणायला निघालेला माणूस देवाचे नाव घेऊन थांबतो आणि स्वतःच गोंधळतो. ओळखीच्या कोणत्याही गाण्याची आठवण येणार नाही अशीच सुरावट हवी. अमुक राग अमुक आजारावर चालतो, अशा याद्या मोबाइलवर फिरत असतात. स्पीकरवर राग लावून ठेवल्याने वाचा येत नाही, आणि या कामात राग निवडण्याचा प्रश्नच येत नाही. तानपुऱ्याचे अॅप सुरुवातीला सूर दाखवण्यापुरते लावावे आणि म्हणताना बंद करावे. तबल्याचे अॅप लावूच नये, कारण ठेका माणसासाठी थांबत नाही.

## टप्पा ४ : गाण्याने दार उघडणे

प्रत्येक बैठकीची पहिली तीन-चार मिनिटे पाठ गाण्याला द्यावीत. त्याने आवाज मोकळा होतो, श्वास लांबतो आणि 'माझ्या तोंडून शब्द निघतात' हा विश्वास येतो. दोन ओळी सोबत म्हणाव्यात, मग ओळीचा शेवटचा शब्द आपण गाळावा आणि तो त्यांना भरू द्यावा. तो येताच थांबावे.

या टप्प्याचा मोह मोठा असतो. आबांनी सगळा अभंग म्हटला की घर आनंदते, कुणी डोळे पुसते, आणखी एक म्हणायचा आग्रह होतो आणि बैठक तिथेच संपते. भजन म्हणायला संध्याकाळ मोकळी आहे, तेव्हा मनसोक्त म्हणावे. सकाळची वीस मिनिटे वाक्यांसाठी आहेत.

## टप्पा ५ : पाच पायऱ्या

एकच वाक्य घ्यावे आणि पुढच्या पायऱ्या याच क्रमाने कराव्यात. सगळ्या पायऱ्यांत त्यांचा डावा हात आपल्या हातात धरून मांडीवर किंवा टेबलावर प्रत्येक तुकड्याला एक थाप द्यायची असते. लय साधारण एका सेकंदाला एक तुकडा. एवढे संथ म्हणणे आपल्यालाच अवघड जाते, म्हणून आधी एकट्याने सराव करावा. या पद्धतीत काम नेमके सूर करतो की ताल, यावर संशोधकांत मतभेद आहेत आणि तालाचा वाटा मोठा असल्याचे दाखवणारे अभ्यास झाले आहेत. तेव्हा 'गाणे आहे ना, थाप कशाला' असे म्हणून हात सोडू नये.

१. गुणगुणणे. वाक्य सांगावे, शक्य असेल तर वस्तू दाखवावी, आणि मग ओठ मिटून नुसती सुरावट थापेबरोबर दोनदा गुणगुणावी. त्यांनी फक्त ऐकायचे. इथे शब्द काढण्याचा आग्रह धरू नये.

२. एकत्र म्हणणे. आता शब्दांसह दोघांनी एकत्र गायचे. आपला आवाज त्यांच्या आवाजावर चढू नये. पहिला तुकडा निघत नसेल तर ओठांचा आकार दाखवून क्षणभर थांबावे. 'म्हणा ना, म्हणा' असा धोशा लावू नये. उच्चार अर्धवट आला तरी या पायरीवर चालतो.

३. साथ सोडणे. एकत्र सुरू करावे आणि वाक्याच्या मध्यावर आपला आवाज काढून घ्यावा. थाप चालू ठेवावी. घरची मंडळी सर्वांत जास्त इथे चुकतात: आवाज बंद करतात पण ओठ हलवत राहतात, आणि माणूस ओठ वाचून म्हणतो. त्याला येते असे वाटते आणि पुढच्या पायरीवर सगळे कोसळते. आवाज थांबला की ओठही मिटायचे.

४. मागून म्हणणे. आपण पूर्ण वाक्य गायचे, त्यांनी शांतपणे ऐकायचे, आणि मग एकट्याने म्हणायचे. मदत फक्त थापेची.

५. प्रश्नाला उत्तर. मागून म्हणणे जमताच लगेच, त्याच सुरांत विचारावे, 'काय देऊ?' आणि उत्तर येऊ द्यावे: 'पाणी दे'. उत्तर आले की पाणी खरोखर द्यावे. ही गोष्ट गाळली जाते. मागितलेले हातात पडते, हे कळल्यावर शब्दाला जो जोर येतो तो शाबासकीने येत नाही.

कोणत्याही पायरीवर अडले तर एक पायरी मागे यावे आणि पुन्हा पुढे जावे. दुसऱ्यांदाही अडले तर ते वाक्य त्या दिवसापुरते सोडावे आणि दुसरे घ्यावे. दहापैकी नऊ वेळा पाचवी पायरी जमत असेल, आणि तेही सलग काही दिवस, तर ते वाक्य पुढच्या टप्प्याला तयार झाले असे समजावे.

शब्द अडकला तर. 'पाणी दे' जमले आणि त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला 'पाणी'च येऊ लागले, असे हमखास होते. नातवाचे नाव विचारले तरी पाणी, दुखते का विचारले तरी पाणी. घरचे हसतात किंवा चिडतात, आणि माणसाला चूक कळत असल्याने तो दोन्हींनी खचतो. अशा वेळी हात खाली ठेवावा, अर्धा-एक मिनिट काहीच बोलू नये, मग वेगळ्या आवाजाने सुरू होणारे वाक्य पहिल्या पायरीपासून घ्यावे. 'पाणी दे' पाठोपाठ 'गोळी दे' असे जुळे वाक्य एकाच बैठकीत ठेवू नये. मध्ये 'घरी चल' किंवा नातवाचे नाव घालावे.

तपासा. आठवड्यातून एकदा रेकॉर्डिंग ऐका आणि फक्त एवढेच पाहा: तुमचा आवाज किती वेळ आहे आणि त्यांचा किती. तुमचा जास्त असेल तर तिसरी पायरी नीट होत नाही.

## टप्पा ६ : थांबा वाढवणे

आता आपण म्हटल्यावर लगेच म्हणू न देता पाच-सहा सेकंद थांबवायचे. हात हलकेच दाबून धरावा, नजरेने थांबा सुचवावा आणि मग सोडावा. या थांब्यात शब्द स्वतः शोधावा लागतो. वाक्येही आता चार-पाच तुकड्यांची करता येतात: 'पाणी दे' चे 'थंड पाणी दे', 'घरी चल' चे 'आता घरी चल'. थाप आपण द्यायची कमी करून त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताने देण्याकडे वळवावे. बाहेर, बसमध्ये किंवा दवाखान्याच्या रांगेत आपण शेजारी नसलो तरी ती थाप त्यांच्या मांडीवर त्यांच्याजवळ राहते.

## टप्पा ७ : सूर काढून घेणे

गाण्यातून बोलण्यात येण्याचा हा टप्पा बहुतेक जण करतच नाहीत, आणि मग माणूस वर्षानुवर्षे चहा गाऊन मागतो. ते ऐकायला गोड वाटते, पण चार लोकांत त्याला लाज वाटते आणि तो मागणेच सोडतो.

क्रम असा: प्रथम वाक्य गायचे, मग त्याच लयीत, सूर न धरता, चढउतार तेवढा ठेवून अर्धवट गात अर्धवट बोलायचे, साधारण कीर्तनकार निरूपणात शब्दाला हेल देतो तसे, मग हेल कमी करून, लय थोडी वाढवून साधे बोलायचे. थाप सर्वांत शेवटी सुटते. ती बोट हलवण्यापुरती उरली तरी हरकत नाही. शेवटी प्रश्नही साध्या बोलण्यात विचारावा आणि वेगवेगळ्या माणसांनी विचारावा: सुनेने, नातवाने, शेजाऱ्याने. एकाच माणसासमोर येणारे वाक्य अजून पक्के झालेले नसते.

जे वाक्य साध्या बोलण्यात आले ते पुन्हा गाऊन घेऊ नये. पुढे कधी अडले तर पहिला तुकडा तेवढा मनात गुणगुणायला सांगावे, बहुधा तेवढ्याने शब्द सुटतो.

## केव्हा थांबावे, केव्हा बदलावे

म्हणता म्हणता अचानक बोलणे आणखी बिघडले, तोंड वाकडे झाले, हातातली शक्ती कमी झाली किंवा तीव्र डोकेदुखी सुरू झाली, तर तो थकवा आहे असे समजून झोपवू नये. ताबडतोब १०८ ला फोन करावा आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. गावापासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतचा रस्ता त्याच साडेचार तासांत मोडतो.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर उगाच मुहूर्त पाहत बसू नये. वर्ष-दोन वर्षे उलटलेल्यांनाही उपयोग होऊ शकतो, पण वेग कमी असतो आणि सराव थांबला की कमावलेले काही अंशी निसटते, हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगावे. नियमित सराव करूनही सहा-आठ आठवड्यांत एकही वाक्य चौथ्या पायरीपर्यंत पोचत नसेल तर तीच वाक्ये आणखी जोराने म्हणवून घेण्यात अर्थ नाही. निवड चुकली आहे, पट्टी चुकली आहे किंवा अडचणीचे स्वरूपच वेगळे आहे. तेव्हा वही घेऊन स्पीच थेरपिस्टकडे परत जावे.

वहीत रोज चारच गोष्टी पुरतात: वाक्य, कोणत्या पायरीपर्यंत पोचले, दहापैकी किती वेळा जमले, आणि त्या दिवशी झोप, ताप किंवा औषधात काही बदल होता का. त्याखाली एक ओळ घरच्यांसाठी मोकळी सोडावी: बैठकीबाहेर, कुणी न विचारता, आज काय बोलले. दुपारी दारात शेळी शिरली तेव्हा आबा 'हाड्' म्हणाले असतील तर तेही लिहावे. स्पीच थेरपिस्टला दहापैकी नऊच्या आकड्यापेक्षा ती नोंद अधिक उपयोगी पडते.